विजेच्या तारा आणि बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की महाडचे चवदार तळे डोळ्यांपुढे येते, भारताची राज्यघटना येते, नागपूरची दीक्षाभूमी येते. आमच्या बिदर-कलबुर्गी भागात तर गावोगावच्या चौकात त्यांचा पुतळा आहे: निळा कोट, एका हातात घटनेचा ग्रंथ आणि दुसऱ्या हाताचे बोट पुढे. पुतळ्याच्या मागून बहुतेक ठिकाणी विजेच्या तारा गेलेल्या असतात. त्या तारांशी या महापुरुषाचे जवळचे नाते आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. देशभर विजेचे एक जाळे असावे, या विचाराला सरकारी धोरणाचे रूप ज्या वर्षांत मिळाले, त्या वर्षांत वीज खाते बाबासाहेबांकडे होते. गणेशोत्सवाच्या या दहा दिवसांत आपले मंडप रोषणाईने उजळतात. अशा वेळी बाबासाहेबांच्या चरित्रातले हे दुर्लक्षित पान उघडावे, असे आम्हांला वाटले.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. वडील रामजी सैन्यात सुभेदार होते. आई भीमाबाई लवकर गेल्या, आत्या मीराबाईंनी मुलांना वाढवले. दापोली, सातारा आणि मग मुंबई असा शिक्षणाचा प्रवास झाला. परळच्या डबक चाळीतली खोली लहान होती आणि माणसे पुष्कळ होती. परीक्षा जवळ आली की वडील मध्यरात्रीनंतर मुलाला उठवत आणि तो रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचत बसे. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, १९१२ साली बी. ए. झाला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२३ साली त्याने डी. एस्‌सी. मिळवली. त्याआधीच्या वर्षी तो ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाला होता.

बाबासाहेबांना आपण कायदेपंडित म्हणून ओळखतो. पण त्यांचे मूळ शिक्षण अर्थशास्त्राचे. त्यांच्या दोन लेखनांची आठवण येथे ठेवली पाहिजे, कारण पुढच्या वीजधोरणाचे बी त्यांत दिसते. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. शेताचे तुकडे पडतात म्हणून शेती तोट्यात जाते, तेव्हा तुकडे जोडा, असे त्या काळी सर्वत्र बोलले जाई. बाबासाहेबांनी प्रश्न निराळ्या बाजूने पाहिला. जमिनीवर माणसांचा भार फार आहे, पोटाला दुसरा धंदा नाही म्हणून सगळे शेतीला चिकटून बसतात, म्हणूनच तुकडे पडतात. उद्योगधंदे वाढले तर हा भार हलका होईल आणि शेतीही सुधारेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. दुसरे लेखन ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या वाढीवर आहे. ते १९२५ साली ग्रंथरूपाने आले. सत्ता आणि पैसा यांची वाटणी मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात कशी होत गेली, याचा तो अभ्यास आहे. उद्योग कसा वाढवायचा आणि केंद्र व प्रांतांनी जबाबदारी कशी वाटून घ्यायची, हे दोन प्रश्न वीस-पंचवीस वर्षांनी त्यांच्यासमोर पुन्हा उभे राहिले. त्या वेळी त्यांचे नाव होते वीज.

मधली वर्षे आपल्या परिचयाची आहेत. १९२० साली मूकनायक, १९२७ साली महाडचा सत्याग्रह, १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह, लंडनच्या गोलमेज परिषदा, १९३२ सालचा पुणे करार, १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष. मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी कोकणातल्या खोतीविरुद्ध विधेयक आणले. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या प्रश्नांवर ते रस्त्यावरही उतरले आणि सभागृहातही झगडले.

१९४२ च्या जुलै महिन्यात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. नाव मजूर खाते. पण त्या खात्याच्या पोटात खाणी, सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि वीज हे सगळे विषय होते. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादकडच्या कोळसाखाणी पाहायला गेले आणि खाणीत उतरून मजुरांचे काम त्यांनी डोळ्यांनी पाहिले. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचा कायदा १९४६ साली झाला, त्यामागेही त्यांच्या खात्याचे परिश्रम होते. या कामांचा उल्लेख अधूनमधून होतो. वीज खात्यातले काम मात्र फायलींतच राहिले.

त्या वेळी देशात विजेची स्थिती काय होती? म्हैसूर संस्थानाने १९०२ साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावर वीज तयार करून ती दीडशे किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोचवली होती. जगातल्या त्या काळच्या लांब वाहिन्यांत तिची गणना होई. सह्याद्रीच्या पायथ्याशी टाटांनी १९१५ साली खोपोलीचे, १९२२ साली भिवपुरीचे आणि १९२७ साली भिऱ्याचे जलविद्युत केंद्र चालू केले. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालत. ही मोठी कामे सोडली, तर बाकी देशात वीज म्हणजे एकेका शहरापुरता मामला होता. १९१० च्या कायद्याखाली एखादी कंपनी परवाना घेई, आपले लहानसे इंजिन बसवी, चार गल्ल्यांत खांब रोवी आणि जिथे गिऱ्हाईक परवडेल तिथेच तार नेई. शेजारच्या गावाशी तिचा संबंध नसे. खेड्याचा तर प्रश्नच नव्हता. स्वातंत्र्याच्या वेळी सगळ्या देशाची वीजनिर्मितीची क्षमता १,३६२ मेगावॉट होती. आज एकट्या रायचूरच्या शक्तिनगर केंद्राची क्षमता १,७२० मेगावॉट आहे, एवढे सांगितले म्हणजे तेव्हाच्या टंचाईची कल्पना येईल.

ही सुटी सुटी केंद्रे एकमेकांना जोडण्यात फायदा काय, हे आपण आपल्या भागातल्याच उदाहरणाने पाहू. समजा एक गाव डाळमिलांचे आहे. दिवसा मिला चालतात तेव्हा त्याला दहा भाग वीज लागते, रात्री दिवे-पंख्यांना चार भाग पुरते. शेजारचे गाव नुसते घरांचे. त्याला दिवसा चार भाग लागते आणि दिवेलागणीनंतर दहा. दोघांनी आपापले केंद्र बांधायचे म्हटले तर दहा आणि दहा मिळून वीस भागांची यंत्रे बसवावी लागतील आणि त्यांतली बरीचशी अर्धा दिवस रिकामी बसतील. दोन्ही गावे एका तारेने जोडली तर कोणत्याही वेळी दोघांची मिळून गरज चौदा भागांचीच. सहा भागांची यंत्रसामग्री वाचली. शिवाय एखादे यंत्र बिघडले तर अडीनडीला दुसरे आहेच. म्हणजे ज्या तारेमुळे हे साधते, ती तारच जणू एक वीजकेंद्र झाली.

पण वीज दूर न्यायची तर तारेत ती वाया जाते. त्यावर उपाय उच्च दाबाचा. तीच वीज दहापट दाबाने पाठवली तर तारेतला प्रवाह एक दशांश होतो. आणि तार तापून होणारी गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती शंभरावा हिस्सा होते. रानातून जाणारे टॉवर इतके उंच आणि त्यांवरच्या चिनीमातीच्या माळा इतक्या लांब असतात, त्याचे कारण हा दाब. इंग्लंडने १९२६ साली कायदा करून असे देशव्यापी जाळे विणायला घेतले होते आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत ते उभेही राहिले होते. अमेरिकेत टेनेसी नदीच्या खोऱ्यात धरणे, पूरनियंत्रण आणि वीज यांचा एकत्र विचार होत होता. हे दोन्ही नमुने बाबासाहेबांच्या खात्यापुढे होते.

२५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या वीज व सार्वजनिक बांधकाम धोरण समितीची पहिली बैठक झाली. अध्यक्ष बाबासाहेब होते. समोर प्रांतांचे आणि संस्थानांचे प्रतिनिधी होते, उद्योगपती होते. त्यांनी समितीपुढे प्रश्न मांडले. वीज खासगी कंपन्यांच्या हाती असावी की सरकारच्या? सरकारच्या, तर केंद्राच्या की प्रांतांच्या? आणि यांपैकी कोणत्या वाटेने लोकांना ती स्वस्त आणि मुबलक मिळेल? या शेवटच्या कसोटीवर त्यांचा सगळा भर होता. वीज असावी म्हणून वीज नको, देशाचे दारिद्र्य हटवायला उद्योग हवेत आणि उद्योगांना वीज हवी, ही त्यांची मांडणी. १९१८ च्या निबंधातला विचार येथे पुरा झालेला दिसतो.

धोरण कागदावर राहू नये म्हणून १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. देशात वीज कुठे किती तयार होऊ शकेल याची पाहणी करायची, प्रांतांना योजना आखून द्यायच्या, केंद्रे एकमेकांना कशी जोडता येतील ते सांगायचे, असे त्याचे काम. पुढच्या केंद्रीय वीज प्राधिकरणाची ही नांदी म्हणता येईल. १९४५ साली नद्यांसाठी केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग निघाला आणि त्याच्या प्रमुखपदी अजुध्यानाथ खोसला हे नामवंत इंजिनिअर आले. बाबासाहेब इंजिनिअर नव्हते. तांत्रिक बाजू खोसला आणि टेनेसी खोऱ्यातून आलेले व्हूर्डुइन यांच्यासारख्या जाणकारांनी सांभाळली. त्यांच्या कामाला दिशा देणे, संस्था उभ्या करणे आणि भांडणाऱ्या प्रांतांना एका टेबलाशी बसवणे हे बाबासाहेबांनी केले.

हे शेवटचे काम सर्वांत अवघड होते, आणि आम्हां सीमाभागातल्या लोकांना त्याची अडचण चांगली समजेल. १९४३ साली दामोदर नदीला महापूर आला, बांध फुटला, रेल्वे आणि हमरस्ता तुटला. नुकसान बंगालचे झाले. पण नदीचा उगम बिहारात. धरणे बिहारात बांधायची, जमीन बिहारच्या शेतकऱ्याची बुडायची आणि पुरापासून बचाव व्हायचा बंगालचा. बिहारने हे का मानावे? ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याला पहिली परिषद भरली. त्यानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणि १९४६ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बैठका झाल्या. नदीचा विचार नुसत्या पुरासाठी न करता वीज, सिंचन आणि जलवाहतूक या सर्वांसाठी एकत्र करायचा, म्हणजे दोन्ही प्रांतांच्या पदरात काही पडेल, हा बाबासाहेबांचा मार्ग होता. १९४५ च्या नोव्हेंबरात कटकला महानदीसाठी परिषद झाली, तिथेही त्यांनी हीच दृष्टी मांडली. त्यातून पुढे दामोदर खोरे महामंडळ आणि हिराकूड धरण उभे राहिले.

१९४६ च्या मध्याला ते मंडळ बरखास्त झाले आणि बाबासाहेब खात्यातून बाहेर पडले. पेरलेले उगवले ते स्वतंत्र भारतात. तेव्हा बांधकाम, खाणी व वीज खात्याचे मंत्री होते पुण्याचे न. वि. तथा काकासाहेब गाडगीळ. दामोदर महामंडळाचा कायदा आणि वीजपुरवठ्याचा कायदा ही दोन्ही विधेयके त्यांनी संसदेत आणली. वीजपुरवठा कायद्यावर १० सप्टेंबर १९४८ ही तारीख आहे. राज्याराज्यांत वीज मंडळे आली ती या कायद्याने. आमच्या वाचकांना या तारखेचे महत्त्व निराळे सांगायला नको. तिच्या तिसऱ्या दिवशी भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद, नांदेड हे सगळे जिल्हे भारतात आले. एक मराठी माणूस धोरण आखतो, दुसरा त्याचा कायदा करतो आणि त्याच आठवड्यात आपला मुलूख त्या कायद्याच्या छत्राखाली येण्याची वाट मोकळी होते, हा योग आमच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

घटना लिहिण्याची जबाबदारी बाबासाहेबांवर आली तेव्हा वीज समवर्ती सूचीत राहिली. सातव्या परिशिष्टातल्या तिसऱ्या सूचीत ३८ व्या क्रमांकावर ती आजही आहे. १९३५ च्या कायद्यातही तिचे स्थान असेच होते. म्हणजे गावापर्यंत वीज पोचवणे राज्याने करायचे आणि राज्याराज्यांना जोडणारे जाळे विणायला केंद्राला मोकळीक. आज आपल्या घराचे बिल कलबुर्गीच्या जेस्कॉमकडून येते आणि डोंगर-नद्या ओलांडणाऱ्या मोठ्या वाहिन्या पॉवरग्रिडच्या असतात, ही विभागणी त्याच चौकटीतली.

पुढची वर्षे धावपळीची होती. १९५१ साली हिंदू संहिता विधेयकावरून त्यांनी मंत्रिपद सोडले. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे करून त्यांनी मराठवाड्यातल्या मुलांना शिक्षणाचे दार उघडले. १२ जानेवारी १९५३ रोजी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट. दिली. भाषावार राज्यांबद्दलचे आपले विचार त्यांनी १९५५ साली पुस्तकरूपाने मांडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आम्ही म्हैसूर राज्यात आलो. त्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले.

त्या दिवसापासून आपल्या घरांत एक सीमारेषा आली. लेक भालकीला तर जावई उदगीरचा, शेत आळंदला तर भाऊबंद उमरग्याला, अशी आपली कुटुंबे. विजेच्या बाबतीतही रेषा ओढली गेली. पुढे देशाचे विजेचे पाच विभाग झाले. महाराष्ट्र पश्चिमेच्या जाळ्यात आणि कर्नाटक दक्षिणेच्या. एकेक करून बाकीचे चारही विभाग एकमेकांना जोडले गेले. दक्षिण मात्र वेगळीच राहिली. चंद्रपूरजवळ भद्रावतीला एकदिश प्रवाहाचा दुवा होता, ओडिशातल्या तालचेरहून कोलारपर्यंत दुसरा होता. पण त्यांतून मोजूनमापून वीज येई. जुलै २०१२ मध्ये उत्तर हिंदुस्थान लागोपाठ दोन दिवस अंधारात बुडाला, तेव्हा हे वेगळेपण दक्षिणेच्या पथ्यावर पडले. एरवी मात्र त्याचा जाच होता. उन्हाळ्यात इकडे टंचाई, बाजारात विजेचा भाव चढलेला आणि त्याच वेळी पलीकडे वीज शिल्लक, असे वर्षानुवर्षे चाले.

३१ डिसेंबर २०१३ रोजी हा शेवटचा सांधा जुळला, आणि तो आपल्याच उंबऱ्याशी. रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची, सुमारे २०८ किलोमीटर लांबीची वाहिनी चालू झाली आणि सगळा देश एकाच तालावर, सेकंदाला ५० आवर्तनांवर, धडधडू लागला. नकाशावर रायचूर-सोलापूर सरळ रेघ ओढून पाहावी. ती भीमेच्या खोऱ्यातून जाते. मुंबईची आणि मद्रासची आगगाडी १८७१ साली रायचूरलाच एकमेकींना भेटली होती. विजेला ती गाठ पडायला आणखी १४२ वर्षे लागली.

मग बाबासाहेबांचे काम पुरे झाले का? जाळे जुळले, पण स्वस्त आणि मुबलक ही कसोटी अजून बाकी आहे. आमच्याकडच्या काळ्या रानात आजही थ्री-फेज करंट कधी येईल याची वाट पाहत शेतकरी रात्री विहिरीवर बसतो. सीमेच्या अलीकडे असो की पलीकडे, डी. पी. जळाली की त्याचे पीक वाळते. दुसरीकडे सूर्याची आणि वाऱ्याची वीज वाढते आहे. दुपारी ती ओसंडते, दिवे लागताना आटते आणि न्यायला वाहिनी अपुरी पडते. नवी वाहिनी म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी तुरीच्या शेतात टॉवरचे चार पाय आणि पुन्हा मोबदल्याचा वाद. म्हणून आहे त्या वाहिनीतून अधिक वीज नेण्याचे उपाय आता जगभर होत आहेत. त्याच टॉवरवर जास्त उष्णता सोसणाऱ्या नव्या तारा चढवता येतात. हवा थंड आणि वारा वाहता असेल तर तार कमी तापते, तेव्हा ऋतुमान पाहून तिच्यावर जास्त भार टाकता येतो. उपकेंद्रांत कपॅसिटर आणि तत्सम यंत्रे बसवून दाब सांभाळता येतो. हे सगळे मंडळींच्या कानावर नवे वाटेल. पण तत्त्व जुनेच आहे. उभी केलेली सामग्री रिकामी बसू द्यायची नाही, एकाचे शिल्लक दुसऱ्याच्या गरजेला लावायचे आणि त्याचा लाभ शेवटच्या घराला पोचला का ते पाहायचे.

चिमणीच्या उजेडात शिकलेल्या मुलाने चार वर्षे देशाचे वीज खाते सांभाळले आणि विजेचा हिशोब माणसांच्या पोटापासून मांडायला सुरुवात केली. आपल्या मुलांना बाबासाहेबांचे चरित्र सांगताना तळे, मंदिर आणि घटना यांच्या जोडीला ही चार वर्षेही सांगावीत. आणि पुढच्या वेळी सोलापूरकडे जाताना भीमेकाठी ते उंच टॉवर दिसले, तर त्यांच्या तारांतून काय वाहते आणि ती वाट कुणी आखायला घेतली होती, तेही त्यांना दाखवावे.